दगडांची वर्तुळे आणि पायवाटा

मालवीय नगरातून निघून आग्रा रस्त्याला लागले की सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर दौसा येते. पुरातत्त्व खात्याचे कार्लाइल यांनी १८७१ ते १८७३ या काळातील दौऱ्यांत तेथील प्राचीन पाषाणवर्तुळांची नोंद केली. रिव्हेट-कारनॅक यांनी नागपूरजवळच्या जुनापाणी येथे अशीच वर्तुळे खणून पाहिली होती. जुनापाणीला ती सुमारे तीनशे आहेत. विदर्भातील ही स्मारके मुख्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील. माहुरझरीला मृतांसोबत पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

दौसा आणि नागपूर यांत शेकडो कोसांचे अंतर आहे. रचना सारखी, म्हणून ती उभारणारे एकाच वाटेने गेले असावेत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नकाशावरचे दोन ठिपके जोडायला पट्टी पुरते. खुंटी आणि दोरी हाती असली की वर्तुळ कोठेही आखता येते, त्यासाठी कोणाकडून शिकावे लागत नाही. वाट होती हे दाखवायचे, तर ठिपक्यांच्या मधली जमीन पाहावी लागते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवती तेच केले. गोव्यात जन्मलेले हे गणिती सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन डोंगर-माळ तुडवीत. गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी पाती त्यांनी वेचली आणि ती कोणत्या रेषेत मिळतात हे पाहिले. शेंदूर फासलेल्या कित्येक देवी गावात नसून गावाबाहेर, आडरानात का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे: शेतीची स्थिर गावे वसण्यापूर्वी ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या टोळ्यांच्या वाटा जेथे मिळत, तेथे ही ठाणी झाली, गावे नंतर आली, देवी जागची हलली नाही. पंढरीच्या वारीच्या मार्गाचे मूळही त्यांनी अशाच हंगामी स्थलांतरात शोधले. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे.

यावर आक्षेप घेता येतो. अशी पाती हजारो वर्षे घडवली जात होती. जमिनीवर वेचलेले पाते आपला काळ सांगत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे कोसंबींची वाट नेमकी किती जुनी, हे ठरत नाही. मात्र गावाबाहेरची देवी, जुनी पाऊलवाट आणि दगडी पाती एकाच ठिकाणी भेटतात की नाही, हे आजही सासवड-जेजुरीच्या माळांवर चालत जाऊन तपासता येते.