विज्ञान अध्यापनाची प्रतिमाने व विद्यार्थी सहभाग : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना
'अध्यापनाची प्रतिमाने' ही संज्ञा ब्रूस जॉइस व मार्शा वेल यांच्या १९७२ च्या ग्रंथामुळे शिक्षणशास्त्रात रूढ झाली. संकल्पना प्राप्ती, अग्रत संघटक, पृच्छा प्रशिक्षण ही प्रतिमाने अध्यापक-शिक्षणात परिचित आहेत. विज्ञानाच्या वर्गात मात्र बहुधा व्याख्यानच टिकून आहे. विद्यार्थी प्रत्यक्षात केव्हा बोलता व कृतिशील झाला, हे इतिहासात पाहणे उद्बोधक ठरते.

तीन प्रयोग
मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला व १९७८ मध्ये संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला. मुले गटागटाने प्रयोग करीत, नोंदी ठेवीत आणि त्यांवरून निष्कर्ष काढीत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती व प्रात्यक्षिकालाही स्थान होते. २००२ मध्ये तो शासननिर्णयाने बंद झाला.

मुंबईत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम केले. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा हाच आकलनातील अडसर असू शकतो, हा विचार या केंद्राने पुढे मांडला. पुणे जिल्ह्यातीलच पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापून हातांनी काम करीत शिकण्याचा मार्ग दाखविला.

स्थानिक संदर्भ
दुष्काळानंतर उभारलेल्या नीरा डाव्या कालव्याने १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या शेतीचे रूप पालटले; पुढे ऊस वाढला. त्याबरोबर जमिनी खारवट व चोपण होऊ लागल्या. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवरील अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला होता.

रिचर्ड सचमन यांच्या पृच्छा प्रशिक्षण प्रतिमानाचा प्रारंभ कोड्यात टाकणाऱ्या घटनेने होतो. 'पाणी वाढले, तरी पीक का घटले?' हे तसे कोडे येथील शेतातच आहे. निचरा नसता भूजलपातळी वर येते, पाण्याचे बाष्पीभवन होऊन क्षार पृष्ठभागी साचतात. 'निचरा होतो का?', 'विहिरीचे पाणी खारे आहे का?' असे 'होय-नाही' उत्तराचे प्रश्न विचारीत विद्यार्थी या कारणापर्यंत पोहोचू शकतो. ज्याच्या घरची जमीन चोपण झाली, तो एरवी गप्प राहणारा विद्यार्थीच येथे जाणकार ठरतो.

समारोप
या प्रयोगांवरून दिसते की सहभाग प्रतिमानाच्या नावाने वाढत नाही. समजणारी भाषा, हाती साहित्य आणि परिचित प्रश्न या तीन गोष्टी त्यासाठी लागतात. होशंगाबादने चौथी गोष्ट दाखवली : परीक्षेतही निरीक्षण व विचार यांना गुण हवेत. अन्यथा विद्यार्थी सामूची व्याख्या पाठ करील आणि स्वतःच्या शेतातील पांढरा थर पाहूनही त्याबद्दल प्रश्न विचारणार नाही. १९६२ पासून बारामतीत उच्च शिक्षणाची परंपरा निर्माण करणाऱ्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या संस्थांतील प्राध्यापकांनी अंतर्गत मूल्यमापनात अशा प्रश्नांना स्थान दिल्यास या दिशेने पाऊल पडेल.