भेदरांची चटणी

परवा रविवारी संध्याकाळी भाचा आणि त्याची बायको न सांगता येऊन टपकले. घरात भात होता, सकाळचं वरण होतं आणि टोपलीत सात-आठ टोमॅटो. म्हटलं, चला, चटणी करू. गॅसवर जाळी ठेवली, टोमॅटो आणि पाच हिरव्या मिरच्या मांडल्या. सालं काळी पडून तडकायला लागली तसा तो वास सुटला आणि भाचा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मावशी, हा तर साल्सा!" तो तीन वर्षं टेक्सासमध्ये होता. तिकडे मेक्सिकन हॉटेलात गेलं की जेवणाआधीच मक्याच्या कुरकुरीत चकत्या आणि हे लाल प्रकरण समोर येतं म्हणे.

मी म्हटलं, "साल्सा असेल तुझा. ही भेदरांची चटणी आहे."

तर आधी हे भेदर काय ते सांगायला हवं. आमच्या गोंदियाकडे (1 मे 1999 पर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, पण बोली तीच) टोमॅटोला भेदर म्हणतात. हद्द ओलांडून छत्तीसगडात गेलात की त्याचं पताल होतं. लग्नानंतर पुण्याला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याला "भेदरं कशी दिली?" असं विचारलं होतं. तो हसला, शेजारच्या दोघी हसल्या. त्यांना भेदरणं म्हणजे घाबरणं एवढंच ठाऊक. एकीने विचारलं, "कोण भेदरलं?" मीही हसले त्यांच्यासोबत, आणि त्या दिवसापासून तीस वर्षं टोमॅटो म्हणत आले. माझ्या मुलांना हा शब्द मी शिकवलाच नाही. असो.

भाच्याचं बोलणं मात्र डोक्यातून जाईना, कारण तो चुकत नव्हता. स्पॅनिश लोकांनी 1521 मध्ये अॅझटेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर काही वर्षांनी तिथे आलेल्या बेर्नार्दिनो दे साहागून या धर्मगुरूने तिथल्या लोकांकडूनच त्यांच्या जगण्याची माहिती गोळा करून एक प्रचंड ग्रंथ तयार केला. त्यात बाजारातल्या कालवणवाल्यांचं वर्णन आहे: टोमॅटो, तऱ्हेतऱ्हेच्या मिरच्या, भोपळ्याच्या बिया. टोमॅटो हा शब्दही त्यांच्याच नाहुआत्ल भाषेतला, मूळचा तोमात्ल. त्यांच्याकडे भाजायला मातीचा सपाट तवा, कोमाल. वाटायला तीन पायांचं काळं दगडी भांडं, मोल्काहेते. आमच्याकडे चूल आणि पाटा-वरवंटा. माणसाला आंबट फळ आणि तिखट शेंग मिळाली आणि जवळ विस्तव नि दगड असला, की तो दुसरं काय करणार?

पण गंमत पुढे आहे. त्या जुन्या अॅझटेक कालवणात कांदा, लसूण, कोथिंबीर नव्हती. हे तिन्ही आपल्या बाजूच्या जगातले. कोथिंबिरीचं तर कुस्तुम्बुरु हे नाव पाणिनीच्या सूत्रात आहे. आणि आपल्याकडे? कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकात, खाण्याचा केवढा मोठा भाग आहे, पण मिरची नाही, टोमॅटो नाही. तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि मिरीचंच नाव लावून बसली. म्हणजे आज तिकडे साल्सात जी कोथिंबीर पडते ती इकडची, आणि आमच्या चटणीत जे लाल-हिरवं आहे ते तिकडचं. 1492 च्या आधी दोन्ही स्वयंपाकघरांत ही चटणी निम्मीच होती.

मिरची पटकन रुळली. टोमॅटोला मात्र फार वेळ लागला. जॉर्ज वॉटने 1889 ते 1893 मध्ये भारतातल्या पिकांचा मोठा कोश छापला. त्यात टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी लावतात आणि बंगाली, ब्रह्मी लोक आंबट कालवणात घालतात, असं म्हटलंय. बंगालीत त्याला विलायती वांगं म्हणत, आणि ते बरोबरच आहे की! वनस्पतिशास्त्रात टोमॅटो आणि वांगं एकाच सोलॅनम प्रजातीतले.

हा उशीर मी घरात पाहिलाय. माझी आजी भेदर खात नसे. "रगतावानी दिसते वो," म्हणायची. तिच्यासाठी आंबट म्हणजे चिंच, आंबाडी, कैरी. दिवाळीनंतर धान घरी आलं की वाडीत आई भेदरं लावायची, बोराएवढी लहान, पातळ सालीची, भयंकर आंबट. चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर भाजायची. आजी तोंड फिरवून बसायची आणि तिचं ताट आधी वाढलं जायचं. आईला ते लागायचं. सासूने कधी काही म्हटलं नाही, पण आईने केलेलं एक काहीतरी ती आयुष्यभर खात नव्हती.

शेवटच्या आजारपणात आजीच्या तोंडाला चव नव्हती. एके दिवशी चुलीवरचा वास आला तसं तिने विचारलं, "का भाजून रायली?" आई घाबरत म्हणाली, "भेदरं." आजी म्हणाली, "दे मंग थोडकशी." दोन घास खाल्ले पेजेबरोबर. "लसून जास्त झाला," एवढंच बोलली. आई मागच्या दारी जाऊन रडली. मी तेव्हा आठवीत होते.

तर कृती: टोमॅटो पूर्ण काळे होईपर्यंत भाजा, भिऊ नका. पाणी आटतं, आंबटपणा मवाळ होतो, गोडवा वर येतो. साल बरीचशी काढा, थोडी राहू द्या, धुराची चव त्यातच असते. भाजलेल्या मिरच्या, मीठ आणि सहा पाकळ्या लसूण आधी वाटा, टोमॅटो शेवटी, हातानेच कुस्करा. मिक्सरमध्ये घातलंत तर गुलाबी फेस होतो, तो मला चालत नाही. वर कच्चा कांदा, कोथिंबीर. भाच्याने त्यात लिंबू पिळलं. मी काही बोलले नाही. चांगलं लागलं खरं तर :)

जेवताना सूनबाईने विचारलं, "मावशी, काय म्हणालात मघाशी? भेद...?"

"भेदर," मी म्हटलं. "एक भेदर, दोन भेदरं."

तिने दोनदा म्हणून पाहिलं, आणि वाटी पुढे केली.