लीड, काइंडली लाइट

'लीड, काइंडली लाइट' हे जॉन हेन्री न्यूमन (१८०१–१८९०) यांनी १६ जून १८३३ रोजी रचलेले इंग्लिश ख्रिस्ती प्रार्थनागीत आहे. संशयाच्या व अनिश्चिततेच्या काळात ख्रिस्ताला वाटाड्या मानून त्याच्यावर विसंबणे हा त्याचा विषय होय. तीन कडव्यांच्या या गीतात ख्रिस्ताचे नाव मात्र कोठेही येत नाही.

पार्श्वभूमी

न्यूमन त्या वेळी ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या कारभारातील सरकारी हस्तक्षेपामुळे ते अस्वस्थ होते. डिसेंबर १८३२ मध्ये मित्र हरेल फ्रूड व त्याचे वडील यांच्यासह ते भूमध्य समुद्राच्या प्रवासास निघाले. रोममध्ये सोबत्यांचा निरोप घेऊन ते सिसिलीस गेले आणि तेथे मे महिन्यात तापाने मरणाच्या दारी पोहोचले. बरे झाल्यावरही जहाजाअभावी पालेर्मोत त्यांचा सुमारे तीन आठवडे खोळंबा झाला. अखेर मार्सेकडे संत्री घेऊन जाणारे एक जहाज मिळाले; तेही वारा पडल्याने कॉर्सिका व सार्डिनिया यांच्यामधील बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत अडकून पडले. या मुक्कामात हे गीत लिहिले गेले. इंग्लंडमध्ये आपल्या हातून काही कार्य व्हावयाचे आहे, एवढीच त्यांची खात्री होती. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच ऑक्सफर्ड चळवळीला प्रारंभ झाला व न्यूमन तिचे प्रमुख नेते ठरले. १८४५ मध्ये त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. १८३३ मध्ये ही वाट त्यांच्या कल्पनेतही नव्हती.

आशय

घरापासून दूर, काळोखात सापडलेला प्रवासी येथे दूरचे दृश्य मागत नाही. पुढचे पाऊल दिसले तरी त्याला पुरेसे वाटते. दुसऱ्या कडव्यात, पूर्वी आपली वाट आपणच निवडण्याचा अभिमान बाळगल्याची कबुली आहे. गीताचे खरे बळ या कबुलीत आहे, कारण तिच्यामुळे तिसऱ्या कडव्यातील विश्वास भाबडा वाटत नाही. रात्र सरेपर्यंत अंधार कायमच आहे.

१८६८ च्या काव्यसंग्रहात न्यूमन यांनी गीताला 'मेघस्तंभ' या अर्थाचे शीर्षक दिले. बायबलमधील निर्गम या पुस्तकात इस्राएल लोकांना रानातून नेणारा हा स्तंभ येतो. प्रकाश म्हणजे ख्रिस्त, या अर्थाला योहानकृत शुभवर्तमानाचा आधार आहे. तेथे येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवितो. तरीही नाव नसल्याने गीत पुरेसे ख्रिस्ती नाही, असा आक्षेप घेतला गेला. एडवर्ड बिकरस्टेथ यांनी तर पदरचे चौथे कडवे जोडले, जे न्यूमन यांना रुचले नाही. शेवटच्या ओळींतील देवदूतांसारखे चेहरे कोणाचे, असे १८७९ मध्ये विचारले असता, जवळजवळ पन्नास वर्षांनंतर आपला अर्थ आठवण्यास कवी बांधील नाही, असे त्यांनी कळविले.

प्रसार

जॉन बॅकस डाइक्स यांनी १८६५ मध्ये बांधलेल्या 'लक्स बेनिग्ना' या चालीमुळे गीत घरोघरी पोहोचले. लोकप्रियतेचे श्रेय न्यूमनही चालीलाच देत. १६ फेब्रुवारी १९०९ रोजी इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात वेस्ट स्टॅनली कोळसा खाणीत स्फोट होऊन १६८ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी भूगर्भात अडकलेल्या काही कामगारांनी सुटकेची वाट पाहत अंधारात हे गीत म्हटले होते.

महात्मा गांधींचे हे आवडते गीत होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी केलेले त्याचे गुजराती रूपांतर 'प्रेमळ ज्योति' आश्रमाच्या प्रार्थनेत गायले जाई. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी संकलित केलेल्या 'आश्रम भजनावली'त ते समाविष्ट आहे.