बाणाची काडी

दसरा गेला, दिवाळी आली. या दिवसांत कोकणातल्या निम्म्या अंगणांतून एक तरी धनुष्य तयार होतेच. बांबूची कामटी वाकवायची, सुतळीने ताणून बांधायची आणि खराट्यातले हीर उपसून त्यांचे बाण करायचे. आईचा खराटा दिवसेंदिवस बारीक होत जातो. रावण मात्र एकही मरत नाही. हीर सुटतो तो कधी तुळशीवृंदावनाकडे जातो, कधी शेजारच्या वईत. मुलगा चिडून धनुष्य मोडतो. बिचाऱ्या धनुष्याचा दोष नसतो. दोष असतो काडीचा.

आपली पुराणे आणि आपला इतिहास तरी या मुलाहून कुठे वेगळे आहेत? शिवाचे पिनाक, विष्णूचे शार्ङ्ग, अर्जुनाचे गांडीव ही नावे आपल्याला तोंडपाठ. बाण कुणी मारला आणि कुणाला लागला, तेही ठाऊक. पण ती दोन-अडीच फुटांची काडी कुणी निवडली, कुणी तासली, कुणी सरळ केली, याची विचारपूस फारशी कुणी केली नाही. तिचा इतिहास राजांच्या बखरींत शोधून उपयोग नाही. तो सापडतो शब्दांत, साधुसंतांच्या ग्रंथांत आणि आमच्या पेण-रोह्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर.

आधी शब्दच पाहू. शर म्हणजे बाण. पण शर हे एका उंच गवताचेही नाव आहे, आणि बाणाला ते नाव गवतावरूनच मिळाले. कांड म्हणजे पेर, आणि संस्कृतात कांड म्हणजे बाणही. आपण उसाचे कांडे म्हणतो आणि रामायणातले सुंदरकांड म्हणतो, तो शब्द मुळात एकच. पर्व म्हणजे बांबूची किंवा गवताची गाठ. महाभारताची अठरा पर्वे आपण मोजतो. त्याच महाभारतात उत्तम बाणाला ‘सन्नतपर्व’ असे विशेषण जागोजाग लावलेले आहे. ज्याच्या गाठी तासून सपाट केल्या आहेत, तो सन्नतपर्व. म्हणजे कवीला कारागिरी ठाऊक होती. ग्रंथाचे भाग आणि बाणाचे भाग एकाच बेटात उगवले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. लेखणीसाठी जे बोरू तोडले जात, तेही याच गोतावळ्यातले!

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराचे एक प्रकरण आहे. त्यात बाणांचे प्रकार सांगताना आरंभी येतो वेणू, म्हणजे बांबू, मग शर, मग लाकडाची शलाका, आणि शेवटी सबंध लोखंडाचा नाराच. हा क्रम मला मोठा बोलका वाटतो. ज्या देशात निसर्गच हलकी, गोल आणि चिवट काडी पिकवून देतो, तिथे लाकूड तासण्याचा खटाटोप आधी कोण करील?

हा खटाटोप करावा लागला तो ज्यांच्याकडे बांबू नव्हता त्यांना. इंग्लंडात बाण झाले ते लाकडाचे. तिथे 1416 साली पाचव्या हेन्रीच्या राज्यात कायदाच झाला, की अ‍ॅस्पेन झाडाचे लाकूड खडावांसाठी वापरू नये. ते बाण करणाऱ्यांसाठी राखावे. पुढे 1545 साली रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाने धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला, त्यात बाणाच्या काडीसाठी पंधरा जातींची लाकडे मोजून दाखविली. हा अ‍ॅस्कम पुढे राणी झालेल्या एलिझाबेथचा शिक्षक. त्याच वर्षी ‘मेरी रोझ’ नावाचे आठव्या हेन्रीचे लढाऊ जहाज बुडाले. 1982 साली ते समुद्रातून वर काढले. जहाजावरच्या सामानात साडेतीन हजारांच्या घरात बाण मिळाले, बहुतेक पॉप्लरच्या लाकडाचे. त्यांतल्या एकावरही करणाऱ्याचे नाव नव्हते, हे सांगायला नकोच.

आता लाकडाची गोल काडी करायची कशी? वाचकांपैकी कुणी म्हणेल, कातारी आहे की! कातारी पाळण्याचे खूर कातील, लाटणे कातील. पण बोटाहून बारीक आणि अडीच फूट लांब काडी त्याने सांगाड्यावर चढविली तर ती मध्येच थरथरू लागते आणि हत्यार लावताच मोडते. म्हणून दुसरी युक्ती निघाली. आपल्या मुलांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक काढायचे जे इवलेसे यंत्र असते, त्याचा हा थोरला भाऊ समजा. एका ठोकळ्याला भोक, भोकाच्या तोंडाशी रंध्यासारखे धारदार पाते. आत शिरायची वाट मोठी, बाहेर पडायची वाट नेमकी हव्या त्या जाडीची, साधारण आठ मिलिमीटर. रेषा पाहून लाकडाची चौकोनी काठी काढायची, तिचे एक टोक विजेच्या गिरमिटात अडकवून फिरवायचे आणि दुसरे टोक भोकात हळूहळू रेटायचे. कोपरे सोलले जातात, भुसा उडतो आणि पलीकडून गोल दांडी बाहेर येते. परदेशांत हौशी माणसे आजही घराच्या पडवीत असे बाण करतात. लाकूड मात्र पारखून घ्यावे लागते. त्याच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत धावल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या बाहेर फुटल्या, तर सोडताना बाण मोडून हातात घुसतो.

आणि इथेच खरी गोम आहे. यंत्र काडी गोल करते. सरळ करीत नाही. लाकूड वाकडे असेल तर यंत्रातून निघते ती गोल वाकडी काडी! शिवाय सोडल्याबरोबर बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालताना क्षणभर सापासारखा लवतो. ती लवचीकता त्या धनुष्याच्या जोराशी जुळली नाही, तर सरळ काडीसुद्धा बाजूला जाते. म्हणून यंत्राचे काम संपले, की माणसाचे सुरू होते. काडी विस्तवावर ऊन करायची, बोटांनी दाबायची, एक डोळा मिटून पाहायची. पुन्हा ऊन करायची, पुन्हा पाहायची.

हे जे पाहणे आहे, त्याला आपल्या देशाने फार मोठा मान दिला. पाली भाषेतल्या महाजनक जातकात राज्य सोडून निघालेल्या राजाला एक बाण करणारा भेटतो. तो काडी निखाऱ्यांवर तापवितो, आंबट कांजीने भिजवितो आणि एक डोळा मिटून सरळ करतो. राजा विचारतो, एकच डोळा का? तो सांगतो, दोन डोळ्यांनी नजर फाकते, एकाने वाक दिसतो. धम्मपदात मनाला वळण लावणाऱ्या शहाण्याला उपमा दिली आहे ती याच कारागिराची. आणि भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत हा शरकार आहे. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी बाणात गुंतलेल्या त्याला पत्ता लागला नाही. त्याच स्कंधावर नाथांनी काशीत 1573 साली मराठी टीका पुरी केली, आणि हा शरकार महाराष्ट्राच्या घराघरांत, पारायणाच्या चौरंगावर येऊन बसला.

विसाव्या शतकात ही गोष्ट अमेरिकेत अक्षरशः घडली. 1911 साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक आदिवासी रानातून एकटाच बाहेर आला. त्याच्या याही जमातीतला तो शेवटचा माणूस. विद्यापीठातला सॅक्स्टन पोप हा शस्त्रवैद्य त्याच्यावर उपचार करायला गेला आणि त्याचा शिष्य झाला. इशी झाडाच्या कोवळ्या फांद्या सोलून, निखाऱ्यांवर शेकून सरळ करी. 1916 साली इशी वारला. पोपने 1923 साली जे पुस्तक लिहिले, त्यावर तिकडची हौशी तिरंदाजी उभी राहिली. पोपने पुढे बाणांसाठी बर्चच्या तयार गोल दांड्या वापरल्या; पण नजर शिकला तो इशीकडून.

आता घराकडे येऊ. आमच्या पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक हे डोंगराकडेचे गाव. 1895 सालच्या 11 सप्टेंबरला विनोबा या गागोद्यात जन्मले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता, 1981 पासून रायगड. योगायोग पाहा: भागवताच्या त्याच अकराव्या स्कंधातून ‘भागवत-धर्म-सार’ विनोबांनी निवडून काढले, आणि धम्मपदाची नवी मांडणीही त्यांनीच केली. ज्या दोन ग्रंथांत बाण करणारा गुरू झाला, ते दोन्ही या एका गावच्या मुलाच्या हातांखालून गेले.

आणि या मुलुखातल्या डोंगरांच्या कुशीत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. धनुष्यबाण हे त्यांचे पिढीजात हत्यार. सरकारने जंगल राखीव केले तसा कात गेला. 1927 च्या वन कायद्याने बांबूलाही झाडांत धरले. म्हणजे रानातली काडी तोडणे हा गुन्हा झाला. गवताच्या कुळातला बांबू गौण वनोपज म्हणून वनवासींच्या हक्कात आला तो 2006 च्या कायद्याने. मधल्या काळात, 1972 साली, शिकारीवरही कायद्याची बंधने आली. रानातले जीव उरावेत म्हणून ते योग्यच झाले. आज दिवाळी सरली, की यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरे शाळेच्या पटावरून गळतात.

गुरुजी म्हणून एक सांगतो. वहीत पट्टीने रेघ मारायला कंटाळणारा कातकऱ्याचा मुलगा बांबूची काडी हातात आली, की आपोआप एक डोळा मिटतो आणि वाक कुठे आहे ते अचूक दाखवितो. हे त्याला कुणी धड्यातून शिकविलेले नाही. आमच्या प्रगतिपुस्तकात या विषयाला रकाना नाही, म्हणून तो नापास.

2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्यांचे बाण कार्बनचे. सरळपणा आता कारखान्यातून विकत मिळतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण वाक ओळखणारी नजर अजून कुठल्या कारखान्यात निघत नाही. पोथीतल्या शरकाराला आपण चौरंगावर बसवून फुले वाहतो. त्याचा वारस वाडीवरून शाळेत आला, तर त्याला निदान पुढच्या बाकावर जागा द्यावी. दिवाळीच्या पणत्या लावताना एवढे जरी मनात आले, तरी त्या काडीचे ऋण थोडे फिटेल.