मेडिकलच्या फॉर्मवरची एक ओळ

जुबैलला यायचं म्हणजे आधी मेडिकल आलंच. मुंबईत रांगेत उभं राहून रक्त, लघवी, एक्सरे सगळं दिलं आणि फॉर्म हातात आला. त्यात एक ओळ होती: मायक्रोफायलेरिया, निगेटिव्ह. सोबतच्या मंडळींना तो शब्द अनोळखी होता. मला मात्र आजी आठवली.

आजी भंडाऱ्याकडची. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड. गावात त्याला हत्तीपाय म्हणत. कोणी मागल्या जन्मीचं पापही म्हणे! लग्नकार्यात आजी मागच्या ओट्यावर पदराखाली पाय झाकून बसायची.

खरं कारण तिच्या जन्माआधीच सापडलं होतं. १८७२ साली टिमोथी लुईसला कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या कृमींची पिल्लं दिसली. १८७७ साली पॅट्रिक मॅन्सनने चीनमधल्या आमॉय बंदरात ती डासाच्या अंगात वाढताना पाहिली. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, वाहिन्या निकामी होतात आणि पाणी साचून पाय सुजतो. गंमत म्हणजे आपल्याकडे ही पिल्लं रक्तात येतात ती मुख्यतः रात्री, म्हणून तपासणीचं रक्तही रात्री घ्यायचं. माझं घेतलं होतं सकाळी दहाला!

डीईसी हे औषध १९४७ साली आलं, आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या मिळू लागल्या, आणि २०१९ साली नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र दिली गेली. पण गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरतात, जुनी सूज उतरत नाही. त्यासाठी रोज साबण-पाण्याने पाय धुवायचा, बोटांमधली जागा कोरडी करायची, बसताना पाय उंच ठेवायचा, चप्पल घालायची. बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून जंतू शिरले की थंडी वाजून ताप येतो आणि दर तापागणिक सूज वाढते. आजीला असा ताप वरचेवर यायचा. साबणाची वडी घरातच होती हो, सांगणारं कोणी नव्हतं.

परवा फोनवर चुलतभाऊ म्हणाला, "आशाताई गोळ्या घेऊन आल्या होत्या. मी घरात नाही म्हणून सांगितलं. मला काय झालंय?"

मी म्हटलं, "आजीलाही आधी काहीच झालं नव्हतं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "उद्या आरोग्य केंद्रात जाऊन येतो."

असो. गेला की नाही, ते शुक्रवारी विचारीन.