मेंढी, लायका आणि आमचा मोती

आजचा भाग आईच्या फोनवरून सुचला. सावलीच्या घरातल्या मोतीला पुण्याला आणायचंय, नागपूरहून विमानानं. आई म्हणाली, "झोपेची गोळी देऊन दे ना, म्हणजे भेणार नाही." मलाही पटलं होतं. मग इतिहास वाचत बसलो.

फुग्यातून आकाशात गेलेले पहिले प्रवासी माणसं नव्हतीच. १९ सप्टेंबर १७८३ ला फ्रान्समध्ये, व्हर्सायला, राजा सोळाव्या लुईसमोर माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेच्या फुग्याखाली पिंजरा बांधला. आत मेंढी, बदक आणि कोंबडा. वर गेल्यावर जीव राहतो का, एवढंच बघायचं होतं. आठेक मिनिटांनी फुगा उतरला, तिघंही जिवंत! कोंबड्याच्या पंखाला तेवढं लागलं होतं. उंचीमुळे नाही हं, मेंढीची लाथ बसली म्हणून, असं सांगतात. म्हणजे घोळ आकाशाचा नव्हता, पिंजऱ्यातल्या गर्दीचा होता.

लायकाची गोष्ट मात्र कडू आहे. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मधून अंतराळात गेली. यान तापलं आणि ती काही तासांतच गेली. खरं कारण जगाला कळलं थेट २००२ मध्ये.

उकाडा. मोतीचा प्रश्नही तोच आहे.

विमानकंपन्यांची संघटना आयाटा १९६९ पासून प्राण्यांच्या प्रवासाचे नियम छापते. खोक्यात उभं राहता, वळता, आरामात झोपता आलं पाहिजे, हवा खेळती पाहिजे. आणि गुंगीची गोळी शक्यतो नकोच. गुंगीत रक्तदाब उतरू शकतो, तोल जातो. शिवाय कुत्रा अंग थंड करतो तो धापा टाकून. हचच्या जाहिरातीतला तो पग आठवतो? चपट्या नाकामुळे त्याला हेच नीट जमत नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या अशा जातींना सामानकक्षात घेतच नाहीत.

ज्या सामानकक्षात प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच असतो. जपायचं ते जमिनीवर, विमानात चढवेपर्यंत. अमेरिकेचा नियम सांगतो की ने-आण करताना कुत्र्याला २९.५ अंशांवरच्या हवेत ४५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आता नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. ४५ अंश, आणि खाली तापलेलं डांबर!

म्हणून मे रद्द. डिसेंबर, आणि तोही डॉक्टरला दाखवून. खोकं मात्र आत्ताच सावलीला पाठवलंय, सवय व्हावी म्हणून. आई म्हणते, मोती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, शेजारची मांजर रोज दुपारी त्यात झोपते.