आरसी बुकातलं तिसरं नाव

वापरलेली गाडी नव्यापेक्षा स्वस्त मिळते, हे आज कुणाला सांगावं लागत नाही. लायसन्स राजच्या दिवसांत मात्र उलट घडायचं. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे. बजाजच्या स्कूटरसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. ज्याला थांबणं परवडत नसे तो वापरलेली गाडी नव्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून घेई. सेकंडहँड गाडी हा तेव्हा छंद नव्हता, नाइलाज होता, आणि तोही महागातला.

मोटरसायकल घेणारे त्या मानाने थोडे, आणि त्यांच्यापुढे घराणीही मोजकीच. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरची बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा. बुलेट म्हणजे लष्कर आणि पोलीस, राजदूत म्हणजे दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला. १९७३ च्या ‘बॉबी’मधल्या छोट्या राजदूतने थोडा काळ ही प्रतिमा धुऊन काढली खरी, पण कॉलेजच्या पोरांचा जीव अडकला तो जावात.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. रुस्तम आणि फारोख इराणी यांनी आधी ती आयात केली आणि १९६१ मध्ये म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू झाला. गाडी विक्षिप्तच म्हणायची. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. हेडलाइटच्या माथ्यावर खोचायची चावी खिळ्यासारखी. डावीकडे एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की तोच पुन्हा गिअर. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीत मिसळायचं. जास्त पडलं तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट, कमी पडलं तर इंजिन सीझ. सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं, पण दांडा एकच राहिला आणि ऑइलचं गणितही तेच राहिलं.

१९८५ मध्ये दोन गाड्या आल्या आणि सगळा हिशेबच बदलला. यामाहाची आरएक्स १०० फक्त ९८ सीसीची, ताकद ११ अश्वशक्तीची, पण अंगाने इतकी हलकी की सिग्नल सुटला की मोठ्या गाड्या मागे पडत. तीही टू-स्ट्रोकच, पण तिचं ऑइल वेगळ्या टाकीत असे आणि पंप ते आपणहून इंजिनात सोडे. दुसरी हिरो होंडा सीडी १००. फोर-स्ट्रोक, आवाजाने गरीब, पण पेट्रोल इतकं कमी पिणारी की घरोघरच्या वडिलांनी तीच पसंत केली. पुढची बाजारपेठ वडिलांच्या बाजूने गेली.

राहिलेलं काम प्रदूषणाच्या नियमांनी केलं. १९९६ मध्ये धुराच्या मर्यादा आवळल्या, २००० मध्ये आणखी. त्याच १९९६ मध्ये आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं आणि म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. हवेच्या दृष्टीने हे योग्यच झालं. टू-स्ट्रोकमागे गाडी चालवलेला कुणीही याची साक्ष देईल. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली. कॉलेजात येझदी किंवा आरएक्स उडवणारी पिढी लग्न, कर्ज आणि बिनगिअरच्या स्कूटरवरून कारमध्ये पोचली आणि पन्नाशीला तिला पुन्हा मोटरसायकल हवीशी वाटली, तेव्हा हवी ती गाडी शोरूममध्ये नव्हतीच. परतीचा रस्ता वापरलेल्या गाडीवरूनच जात होता. २०१८ मध्ये महिंद्राच्या पाठबळावर जावा हे नाव परत आलं. गाडी नीटस आहे, पण फोर-स्ट्रोक. जुन्या भक्तांना ती पाहुणीच वाटते.

असा नाइलाज पुन्हा महाग झाला. सुरुवातीच्या आरएक्सचे सुटे भाग जपानहून आले होते, म्हणून त्या गाड्यांचा भाव आजही वेगळा. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी मिकुनीचा अस्सल कार्बोरेटर शोधणारे पांढऱ्या केसांचे लोक दिसतात. मिळालाच तर तो हातात उलटापालटा करून, फुंकर मारून, जेट बघूनच पैसे निघतात. लेथवाल्याकडे बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवणं त्यापेक्षा सोपं.

जुनी बुलेट घेणाऱ्याची परीक्षा तर पायाची. तिचा गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. मधली वीस वर्षं क्लच न दाबलेल्या माणसाला पहिल्याच उतारावर ब्रेक मारायला जावं आणि उजव्या पायाखाली गिअर सापडावा, हा अनुभव हमखास येतो. (मेकॅनिक अशा वेळी हसत नाही, दुरुस्तीचं काम त्यालाच मिळणार असतं.)

खरा घाम आरटीओत निघतो. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. दुचाकीसाठी त्याचं शुल्क ३०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ते १,००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २,००० ठरलं. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, अंक उमटतात, तो कागद फॉर्मला चिकटवायचा. गंज चढला असेल तर अंक वाचता येत नाहीत आणि एजंट पॉलिश पेपर मागतो. पुष्कळ गाड्या नाव न बदलताच दोन-तीन हात फिरलेल्या असतात. बुकातला मूळ मालक हयात नसेल तर वारसांना गाठून आधी फॉर्म ३१. त्याची मुलं परगावी असतात आणि वडिलांची गाडी अजून कुठे चालते आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. सह्या जमल्या, नवं नाव चढलं की फॉर्म २५ घेऊन नूतनीकरणासाठी तीच खिडकी पुन्हा आहेच.